सुट्टीत मुलांकडे जायचं, पण किती दिवस?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी ६६ वर्षांची, हे ७१. मुलगा एका शहरात, मुलगी दुसऱ्या, आणि दोघांच्या घरांमध्ये रात्रभराचा प्रवास. सुट्ट्या जवळ आल्या की दोघांचे फोन सुरू होतात, "आई, कधी येताय?" ऐकायला फार बरं वाटतं, आणि त्याच रात्री पोटात गोळाही येतो.

का ते सांगते. गेल्या सुट्टीत मुलाकडे २४ दिवस राहिलो. पहिला आठवडा कसा गेला कळलंच नाही. अकराव्या दिवशी सुनेला तेवढीच मदत म्हणून मी स्वयंपाकघरातला चमच्यांचा कप्पा आवरला. चमचे, डाव, सुऱ्या सगळं उजव्या बाजूच्या कप्प्यात लावलं, माझ्या घरी असतं तसं. संध्याकाळी ती आली, कप्पा उघडून बघितला, "छान झालं, आई" म्हणाली. रात्री अकराला मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा. दार अर्धं लोटलेलं. ती एकेक चमचा पूर्वीच्या जागी ठेवत होती, आवाज होऊ नये म्हणून फडक्यात धरून. मी तशीच मागे फिरले. पाणी प्यायलेच नाही.

भांडण नाही, वाकडा शब्द नाही. पण पुढचे १३ दिवस त्या घरात हात कुठे ठेवावा तेच मला समजेना.

तर तुम्हाला विचारते. किती दिवस राहावं? दोन मुलांत वाटणी कशी करावी? आणि मुलांच्या घराजवळ वेगळी खोली घेऊन राहिलो तर मुलं दुखावतील का? मनात असेल ते लिहा, मला राग येणार नाही.

जुनी_पेटी

आमच्याकडे आठ रात्री. गेली सहा वर्षं हेच चाललंय. निघताना मुलगी दारात "अजून दोन दिवस थांबा ना" म्हणते, ते ऐकून निघायचं. ती हे म्हणायची थांबेल इतके दिवस मला राहायचं नाही.

कडेवरचा_नातू

जुनी_पेटी, तुमच्याबद्दल आदर ठेवून, मला हे पटत नाही. आठ दिवसांत काय होतं?

माझा नातू दीड वर्षाचा. मागच्या वेळी गेलो तर पहिले तीन दिवस मला बघितलं की आईच्या ओढणीत तोंड खुपसायचा. चौथ्या दिवशी लांबून बघायला लागला. पाचव्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसलो होतो, तो आला, एक बूट माझ्या मांडीवर ठेवला आणि पाय पुढे केला. बस्स. त्या बुटाचा बंद बांधताना माझे हात थरथरत होते. आठव्या रात्री निघायचं म्हणजे ओळख झाली आणि सामान बांधायला घेतलं असं झालं. लहान मूल घरात असेल तर तीन आठवडे तरी हवेत. आणि मुलाच्या घरी आपण पाहुणे कसे? पाहुणे म्हणून गेलो की पाहुण्यासारखं परकं वाटणारच.

मधली_पिढी

मी दुसऱ्या बाजूची आहे. वय ३९, आई-बाबा आणि सासू-सासरे दोघेही सुट्टीत येतात. दोघेही यावेत असं मला मनापासून वाटतं, हे आधी सांगते.

दिवसांच्या आकड्यापेक्षा मला जास्त जड जातं ते परतीची तारीख माहीत नसणं. "बघू, वाटलं तर राहू" म्हणून आई-बाबा येतात. आता मी त्यांना "कधी जाणार" कसं विचारू? ते विचारणं म्हणजे हाकलणं. मला रजा मोजून मिळते. ते दहा दिवस आहेत हे माहीत असेल तर चार रजा पहिल्या दिवसांत घेते, दोन शेवटी ठेवते, मुलांना त्यांच्यासोबत कुठे न्यायचं ते ठरवते. माहीत नसेल तर सगळ्या रजा जपून ठेवत बसते, आणि ते अचानक एका सकाळी "उद्या निघतो" म्हणतात. रजा तशीच राहते आणि आई-बाबा निघून जातात. गेल्या वर्षी हेच झालं. मी ऑफिसात जाऊन रडले.

कडेवरचा_नातू काका, तीन आठवडे या. फक्त तीन आठवडे म्हणून आधी सांगा.

आणि उंबरठाताई, कप्प्याचं. तुमच्या सुनेने रात्री अकराला चमचे फडक्यात धरून ठेवले याचा अर्थ तुम्हाला कळू नये, तुम्ही दुखावू नये ही तिची धडपड होती. चिडलेलं माणूस फडकं घेत नाही. कप्पा आवरल्याचं तिला वाईट वाटलं नसेल. तुम्ही विचारलं असतं तर बरं, एवढंच वाटलं असेल.

उंबरठा

मधली_पिढी, "चिडलेलं माणूस फडकं घेत नाही" हे मी दोनदा वाचलं. वर्षभर मी फक्त ते चमचे आठवत होते, फडक्याचा विचारच केला नव्हता.

कडेवरचा_नातू, बुटाचं वाचून ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे उठून गॅलरीत गेले.

नाडीपरीक्षा

दिवसांचं तुम्ही ठरवा, मी जाण्यायेण्याचं सांगतो. मी फिजिशियन आहे. सुट्ट्या संपल्या की पाय सुजलेले, औषधं चुकलेले आईवडील हमखास येतात, आणि त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं.

सगळ्यात आधी पाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात असं दिसलं की ४ तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासानंतर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरी एकूण धोका लहानच आहे, निरोगी प्रवाशांत साधारण ६,००० मध्ये एक, त्यामुळे घाबरून घरी बसू नका. आणि हे फक्त विमानाचं नाही. गाडी, बस, रेल्वे, जिथे गुडघे मोडून तासन् तास बसता तिथे सगळीकडे लागू. पोटरीचे स्नायू आखडले-सैल झाले की रक्त वर ढकललं जातं. बसून राहिलात की ते काम थांबतं आणि रक्त खाली साचतं. म्हणून दर तासाला उठा, उठता येत नसेल तर टाचा जमिनीवर टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं २०-२५ वेळा. आधी कधी गुठळी झाली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. परतल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी दाखवा. "प्रवासाने अंग दुखतंय" म्हणून तेल चोळत बसू नका.

दुसरं, औषधं कायम हातातल्या पिशवीत. जितके दिवस जाणार त्यापेक्षा आठवडाभराची जास्त, मूळ पाकिटातच, सोबत चिठ्ठी. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकून विमानाच्या पोटात कधीच देऊ नका, तिथे ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.

तिसरं, विमान उंच गेल्यावर आतला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. धडधाकट माणसाला जाणवत नाही, पण हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आधी तपासून घ्या. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन होऊन डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो जिरेपर्यंत विमान पूर्ण वर्ज्य. वर गेल्यावर बुडबुडा फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते.

पहाटेची_गाडी

नाडीपरीक्षा, खूप आभार. एक विचारते. मुलगी परदेशी, वेळेत साडेनऊ तासांचा फरक. रक्तदाबाची गोळी सकाळी ८ ला घेते. तिथल्या ८ ला घ्यायची की इथल्या?

नाडीपरीक्षा

रोज एकदाच्या गोळीला सहसा दोन-तीन दिवसांत तिथल्या सकाळवर सरकता येतं. नेमकं कसं ते गोळीनुसार तुमचे डॉक्टर सांगतील. एकाच दिवशी दोनदा मात्र घेऊ नका. इन्सुलिन, फिटची औषधं, रक्त पातळ करणारी औषधं यांचं वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं, अंदाज नको.

झोपेचं म्हणाल तर पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो, कारण आपल्या शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मोठं असतं. त्याला दिवस लांबवणं सोपं, आखडणं अवघड. पहिले चार-पाच दिवस कसलाही मोठा कार्यक्रम ठेवू नका असं मुलीला आत्ताच सांगा.

दोन_चाकं

व्हीलचेअरवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

बाबा ७८. चालतात, पण विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालणं त्यांना झेपत नाही. व्हीलचेअर सांगू का म्हटलं की चिडायचे, "मी लुळा आहे का?" गेल्या वर्षी आईनेच तोडगा काढला. तिने स्वतःसाठी मागवली आणि "मला एकटीला त्या खुर्चीत बसायची लाज वाटते, तुम्हीही बसा" म्हणाली. बाबा बसले. तिच्यासाठी म्हणून बसले. दोघं शेजारी शेजारी, मांडीवर पिशव्या, असा त्यांचा फोटो आहे माझ्याकडे.

किमान ४८ तास आधी कळवावं. तिकीट काढतानाच नोंदवलं तर उत्तम.

पहाटेची_गाडी

दोन_चाकं, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. हे मी यंदा ह्यांच्यावर करणार.

खिडकीची_जागा

अवांतर. मुलाकडे पहिल्या रात्री कुणालाच झोप लागत नाही का? मला वाटायचं माझाच काही दोष आहे. भिंत उजवीकडे असायची ती डावीकडे, पंख्याचा आवाज वेगळा, उशी उंच.

नाडीपरीक्षा

दोष नाही. २०१६ मध्ये ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूची एक बाजू दुसरीपेक्षा सावध झोपते, राखण करत असल्यासारखी. दुसऱ्या रात्रीपासून फरक पडतो. आपली उशी किंवा निदान आपला अभ्रा सोबत न्या.

जुनी_पेटी

आमच्याकडे मेंदूची नाही, माणसांचीच वाटणी आहे. हे घोरतात, मी राखण करते.

एकटी_बर्थ

उंबरठाताईंच्या वेगळ्या खोलीच्या प्रश्नावर.

हे जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून सुट्टीत मी एकटीच मुलाकडे जाते. त्याचं घर दोन खोल्यांचं. पहिल्या वर्षी मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपले. सोफ्याचं काही नाही हो, पण मला पहाटे साडेचारला जाग येते आणि ती मंडळी साताला उठतात. अडीच तास अंधारात पडून राहायचं. दिवा लावला तर दाराखालून उजेड आत जातो, नळ सोडला तर आवाज. मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर एका बाईंकडे खोली घेतली, बारा दिवसांसाठी. मुलगा दोन दिवस बोलला नाही. "लोक काय म्हणतील, आईला घरात जागा नाही?" मी त्याला पहाटेचं सगळं सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "अगं आई, मला तर वाटायचं तुला उशिरापर्यंत झोप लागते." आता पहाट माझी, माझ्या खोलीत. आठला त्यांच्याकडे जाते, रात्री तो मला सोडायला येतो. ती पाच मिनिटं आम्ही दोघंच चालतो. त्या पाच मिनिटांत तो जे बोलतो ते घरात सगळ्यांसमोर कधीच बोलला नसता.

मुलं दुखावतील का? दुखावतील. पण कारण मोकळेपणाने सांगितलं तर दोन दिवसांत निवळतं.

कडेवरचा_नातू

एकटी_बर्थ, माझा विरोध मागे घेत नाही, पण तुमचं वाचून थोडा गप्प झालो.

विहीणबाई

दोन मुलांच्या वाटणीत एक गोष्ट सगळे विसरतात. प्रत्येक घराला दुसरेही आजी-आजोबा आहेत! आम्ही आणि मुलीच्या सासरचे एकदा एकाच आठवड्यात जाऊन धडकलो. दोन खोल्यांत सात माणसं, एक न्हाणीघर. मुलगी पहाटे न्हाणीघराची पाळी लावत होती. तेव्हापासून तिकीट काढायच्या आधी मी थेट विहिणींना फोन करते. मुलीला मध्ये घालत नाही. आता आम्ही सम वर्षी सुट्टीत, त्या विषम वर्षी. ज्या वर्षी सुट्टी त्यांची, त्या वर्षी आम्ही सुट्ट्या संपल्यावर दोन आठवड्यांनी जातो. गाड्यांना गर्दी नाही, तिकीट मिळतं, आणि पाहुणे गेल्यावर सुनं झालेलं घर परत भरतं. नातीला तारखेशी काही देणंघेणं नसतं.

मधली_पिढी

विहीणबाईंना माझ्याकडून +१००. माझ्या आईने आणि सासूबाईंनी एकमेकींना असा फोन केला तर माझं अर्धं ओझं उतरेल.

सामानसुमान

वरच्या बॅगेच्या चर्चेत थोडी भर. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते, आणि १०० वॉट-अवरपर्यंतचीच बिनपरवानगी चालते. आकडा मागे बारीक अक्षरात असतो. बऱ्याच आईवडिलांची बॅग यासाठीच परत उघडायला लावतात, आणि मग रांगेत सगळ्यांसमोर बॅगेतले कपडे बाहेर काढून दाखवावे लागतात.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात बॅग फुटली, मोडली तर १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. पण तेवढं थांबूच नका, पट्ट्यावरून बॅग उचलली की तिथेच फोटो काढा आणि तिथल्या खिडकीवर नोंद करा. मुलगा बाहेर ताटकळतोय म्हणून घाईने निघू नका. आम्ही निघालो आणि पस्तावलो.

पासपोर्टही आत्ताच बघून ठेवा. पोहोचल्यापासून पुढे ६ महिन्यांची मुदत शिल्लक असावी अशी अट अनेक देशांची असते.

तान्ही_नात

माझी नात तीन आठवड्यांची आहे, तिला बघायला निघालोय. सुनेने फोनवर घाबरत घाबरत विचारलं, "आई, लस घेऊन याल का?" सुरुवातीला मला लागलं. आम्ही काय रोग घेऊन येतोय?

नाडीपरीक्षा

लागू देऊ नका. दोन-अडीच महिन्यांच्या आतल्या बाळाला डांग्या खोकला झाला तर जिवावर बेतू शकतं, आणि मोठ्या माणसांत तोच आजार साध्या खोकल्यासारखा दिसतो, त्यामुळे घरच्यांकडूनच तो बाळापर्यंत पोहोचतो. डांग्या खोकल्याचा बूस्टर आणि फ्लूची लस, दोन्ही भेटीच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. सर्दी झाली असेल तर भेट पुढे ढकला. सुनेने विचारायचं धाडस केलं, कौतुक करा तिचं.

तान्ही_नात

घेतली काल. दंड दुखतोय. सुनेला फोटो पाठवला, तिचा लगेच फोन आला. बोलली काहीच नाही, रडतच होती.

उंबरठा

मंडळी, तीन दिवसांनी लिहितेय. तुमचं सगळं वाचून परवा मी सुनेला फोन केला. मुलाला नाही, थेट तिला. पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं बोलले, मग म्हटलं, "एक विचारायचंय. मागच्या वेळी मी कप्पा लावला, तो तू रात्री परत लावलास. मी बघितलं होतं."

पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "आई, मी डावखुरी आहे ना. उजवीकडे चमचे असले की गरम भांड्यावरून हात न्यावा लागतो. दोनदा पोळलं होतं म्हणून मी ते डावीकडे ठेवले होते."

सहा वर्षं झाली लग्नाला. सहा वर्षांत मी तिच्या हातचं किती वेळा जेवले असेन, आणि ती कुठल्या हाताने वाढते हे माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही बघितलं होतं हे मला माहीत असतं तर त्याच रात्री सांगितलं असतं. मला वाटलं तुम्हाला कळलंच नाही."

पुष्कळ बोललो मग. दोघींनी मिळून ठरवलं ते असं. आधी मुलाकडे १२ दिवस, मग मुलीकडे १०. परतीची तारीख जायच्या आधी दोघांना कळवणार. मुलीच्या सासूबाईंना मी उद्या फोन करतेय, विहीणबाई, तुमचं ऐकून. वेगळी खोली यंदा नाही, पण पहाटे मला जाग येते हे मी सुनेला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग गॅलरीतल्या खुर्चीजवळ छोटा दिवा लावून ठेवते, तिथला उजेड आमच्या खोलीत येत नाही."

एकटी_बर्थ

गॅलरीतला दिवा. किती छान सुचलं तिला.

मधली_पिढी

ताई, हा प्रतिसाद मी माझ्या सासूबाईंना पाठवू का?

उंबरठा

पाठव बाई.

कडेवरचा_नातू

१२ दिवस कमीच आहेत हो.

उंबरठा

सूनही तेच म्हणाली. तिला म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तिकिटं काढली आज, दोन्ही बर्थ खालच्या मिळाल्या. हे आत्तापासून खुर्चीत बसून टाचा वर-खाली करतायत.